भागायचं कुणाला कुणाने? संधी खर्च, उत्पादन शक्यता आणि व्यापारातला फायदा

पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "संधी खर्चाची व्याख्या पाठ आहे, उत्पादन शक्यता वक्रही काढता येतो. पण गणित आलं की उत्तर उलटं येतं. क्ष देशात एक क्विंटल गव्हाला 2 तास लागतात आणि कापडाच्या एका ताग्याला 4 तास. य देशात गव्हाला 6 तास, ताग्याला 8 तास. कापड कुणी बनवावं? माझं उत्तर क्ष, पुस्तकातलं य. आणि क्ष जर दोन्ही कामांत सरस असेल, तर त्याने य कडून काही घ्यावंच कशाला?"

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महाविद्यालयात मी 26 वर्षं सूक्ष्म अर्थशास्त्र शिकवते आहे. तुझ्यासारखं उलटं उत्तर मी दरवर्षी उत्तरपत्रिकांमध्ये पाहते, आणि ते बहुतेक वेळा अभ्यास केलेल्या मुलांचंच असतं. तू भागाकार बरोबर केला आहेस. पण भागाकार करण्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो, तो राहून गेला. तो प्रश्न म्हणजे, तेवढ्यात दुसरं काय झालं असतं? आधी हा प्रश्न नीट पाहू आणि मग तुझ्या गणिताकडे येऊ.

माझे वडील ऊस लावायचे. घरात हिशेबाची वही होती. बेणं, खत, भांगलणीची मजुरी, पाणीपट्टी, सगळं त्यात लिहिलेलं असे. जमिनीचा खर्च मात्र कधी लिहिला गेला नाही, कारण जमीन घरची. आईच्या कामाचाही नाही, कारण आई घरची. वहीत शिल्लक दिसायची आणि वडील म्हणायचे, ऊस परवडला. पुढे मी अर्थशास्त्र शिकले तेव्हा पहिल्यांदा ती वही आठवली. त्या वहीत जे लिहिलेलं नव्हतं, तोच संधी खर्च.

आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावतात आणि तो 16 ते 18 महिने शेतात उभा असतो. तेवढ्या काळात त्याच रानात सोयाबीन निघालं असतं, त्यावर हरभरा झाला असता, पाणी असेल तर उन्हाळी भुईमूग, आणि पुन्हा एक सोयाबीन. ही एकामागून एक येणारी पिकं, त्यामुळे ती सगळी मिळून एक पर्याय होतो. पण खरिपात सोयाबीन घ्यायचं की मका, यातलं एकच घेता येतं. त्यामुळे संधी खर्च मोजताना दोन्हींची बेरीज करायची नाही, त्यातलं जे जास्त फायद्याचं तेवढंच धरायचं. विद्यार्थी इथे हमखास घसरतात. सोडून दिलेल्या सगळ्या पर्यायांची बेरीज म्हणजे संधी खर्च नाही. सोडलेल्यांपैकी जो सर्वांत चांगला, त्यातून त्याचा स्वतःचा खर्च वजा जाऊन जे उरलं असतं, तो संधी खर्च. पाण्याचंही तसंच. उसाला दिलेल्या पाण्याची किंमत पाणीपट्टीच्या पावतीवर दिसत नाही. त्या पाण्यावर दुसरी किती पिकं आली असती, हे पाहिलं तर दिसते.

आणि जे पैसे आता कशानेही परत येणार नाहीत, ते या हिशेबात येत नाहीत. बोअर मारली, ती कोरडी गेली. तो खर्च मनाला लागतो, पण यंदा काय लावायचं हे ठरवताना तो मोजायचा नाही, कारण काहीही लावलं तरी तो तेवढाच राहतो.

हा नुसता वर्गातला काथ्याकूट समजू नकोस. हमीभावाचा वाद याच ठिकाणी येऊन अडतो. कृषी खर्च व मूल्य आयोग पिकाचा खर्च वेगवेगळ्या पायऱ्यांवर काढतो. खिशातून प्रत्यक्ष गेलेला खर्च म्हणजे 'ए-टू'. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचं मोल मिळवलं की 'ए-टू अधिक एफएल'. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याजही धरलं की 'सी-टू'. केंद्र सरकारने 2018-19 च्या अर्थसंकल्पात खर्चाच्या दीडपट हमीभावाची घोषणा केली, त्यात खर्च म्हणून धरला जातो तो 'ए-टू अधिक एफएल'. शेतकरी संघटनांची मागणी आहे 'सी-टू'च्या दीडपटीची. दोन्हींतला मुख्य फरक हा की, शेतकऱ्याने स्वतःची जमीन दुसऱ्याला खंडाने दिली असती तर जे मिळालं असतं, ते खर्चात धरायचं की नाही. वडिलांच्या वहीत जी ओळ नव्हती, तिच्यावरून देशभर आंदोलनं झाली आहेत. माझं मत विचारशील तर ती ओळ खर्चात धरली पाहिजे, कारण शेतकरी ती जमीन खरोखरच दुसऱ्या कशासाठी तरी वापरू शकला असता. हमीभाव किती असावा हा त्यापुढचा, निराळा प्रश्न आहे.

आता उत्पादन शक्यता, म्हणजे हाताशी आहे तेवढ्या वेळात आणि साधनांत दोन वस्तूंच्या कुठल्या कुठल्या जोड्या बनवता येतात ते. पुस्तकात इथे उदाहरण म्हणून तोफा आणि लोणी असतात. मी वर्गात वाळवणाचं उदाहरण घेते, कारण ते काम सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

दोन जावा, चुली वेगळ्या झालेल्या. थोरली दिवसभर नुसते पापड लाटायला बसली तर 300 लाटते, नुसत्या कुरडया घातल्या तर 150 घालते. धाकटी दिवसात 200 पापड किंवा 50 कुरडया करते. गहू भिजवायचा, चीक काढायचा ते दिवस यात धरलेले नाहीत, फक्त घालायचा दिवस धरू. आकडे माझे आहेत, सोयीसाठी घेतलेले.

कागदावर आडव्या अक्षावर कुरडया आणि उभ्या अक्षावर पापड घे. थोरलीची रेषा उभ्या अक्षावरच्या 300 पासून आडव्या अक्षावरच्या 150 पर्यंत येते. रेषेवरचा प्रत्येक बिंदू म्हणजे पूर्ण दिवस कामात घालवून जमणारी एक जोडी. रेषेच्या आतला बिंदू म्हणजे दिवसातला काही वेळ वाया गेला. रेषेच्या बाहेरचा बिंदू आज जमणारा नाही. मोठा सोऱ्या आणला, हात बसला, तर रेषा बाहेर सरकते. इतकं तुला येतंच. महत्त्वाचा आहे तो रेषेचा उतार. थोरलीने एक कुरडई जास्त घातली की तिचे 2 पापड कमी होतात. धाकटीची एक कुरडई 4 पापडांना पडते. उतार म्हणजेच संधी खर्च. रेषा किती उंच आहे हे पाहून कोण जास्त काम उरकतं ते कळतं. कुणाला काय स्वस्त पडतं ते मात्र उतारावरूनच कळतं.

थोरली दोन्ही कामांत पुढे आहे. अर्थशास्त्रात याला निरपेक्ष लाभ म्हणतात. पण कुरडई तिला 2 पापडांना पडते, धाकटीला 4 ला. उलट बाजूने पाहिलं तर एक पापड थोरलीला अर्ध्या कुरडईला पडतो आणि धाकटीला पाव कुरडईला. म्हणजे पापड धाकटीकडे स्वस्त आहे. हा तुलनात्मक लाभ. इथे थोडं थांबून बघ, पापडाचे आकडे (अर्धा, पाव) कुरडईच्या आकड्यांचे (2, 4) व्यस्त आहेत. ज्याचा एक आकडा लहान, त्याचा व्यस्त मोठाच असणार. म्हणून एकच बाई दोन्ही गोष्टींत स्वस्त असणं अंकगणितातच बसत नाही. दोघींचे उतार अगदी सारखे असतील, तर कुणालाच तुलनात्मक लाभ नसतो आणि देवघेवीतून काही मिळतही नाही. एरवी प्रत्येकीकडे काही ना काही स्वस्त असतंच. तुझ्या दुसऱ्या शंकेचं उत्तर हेच आहे, पण आकडे मांडल्याशिवाय ते पटत नाही.

समजा दोघीही अर्धा दिवस हे, अर्धा दिवस ते, असं करतात. थोरलीचे होतात 150 पापड आणि 75 कुरडया, धाकटीचे 100 पापड आणि 25 कुरडया. एकूण 250 पापड, 100 कुरडया. आता धाकटी दिवसभर फक्त पापड लाटते, 200. थोरली 60 पापड लाटते, त्यात तिचा पाचवा हिस्सा दिवस जातो, आणि उरलेल्या वेळात 120 कुरडया घालते. एकूण 260 पापड आणि 120 कुरडया. दिवस तेच, हात तेच, तरी 10 पापड आणि 20 कुरडया वाढल्या.

त्या कुणाला मिळाल्या? एका कुरडईला 3 पापड असा दर ठरला आणि धाकटीने 90 पापड देऊन 30 कुरडया घेतल्या, तर तिच्याकडे राहतात 110 पापड आणि 30 कुरडया. आधी 100 आणि 25 होत्या. थोरलीकडे राहतात 150 पापड आणि 90 कुरडया. आधी 150 आणि 75 होत्या. धाकटीची नवी जोडी तिच्या स्वतःच्या रेषेवर मांडून बघ. 110 पापडांना दिवसाचे 55 टक्के लागतात, 30 कुरडयांना 60 टक्के. बेरीज 115. एकटीने तिला जे कधीच जमलं नसतं, तिथे ती पोहोचली आहे. थोरलीचंही तपासून बघ, 110 टक्के येतील. उत्पादन शक्यतेच्या बाहेर उपभोग, असं पुस्तकात जे वाक्य येतं ते हेच.

दर 3 च का? 3 च असायला हवा असं काही नाही. थोरलीला एक कुरडई 2 पापडांना पडते, त्याहून कमी पापड मिळाले तर ती देणार नाही. धाकटीला ती घरी 4 पापडांना पडते, त्याहून जास्त ती मोजणार नाही. 2 आणि 4 च्या मध्ये कुठलाही दर दोघींना परवडतो. दर 2 च्या जवळ ठरला तर जवळजवळ सगळा फायदा धाकटीचा, 4 च्या जवळ ठरला तर थोरलीचा. मधल्या पट्ट्यात नेमका कुठे ठरेल, हे कुणाची गरज किती निकडीची आणि कुणाला थांबणं परवडतं यावर आहे. व्यापाराने दोघांचा फायदा होतो, हे विधान खरं आहे. तो सारखा होतो, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. मुलं पेपरात "समान फायदा" असं लिहून येतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण सगळं समजून झाल्यावर केलेली ती चूक असते.

याच दोघींच्या आकड्यांतून पुस्तकातला उत्पादन शक्यता वक्र बाहेरच्या बाजूला फुगीर का असतो हेही दिसतं. दोघींची मिळून एक रेषा काढ. सगळ्या कुरडयाच घातल्या तर 200. आता पापड हवे असतील तर आधी कुणाला बसवशील? धाकटीला, कारण तिचा पापड पाव कुरडईला पडतो. तिचे 200 पापड होईपर्यंत कुरडया 150 वर येतात. त्यापुढे थोरलीला लाटणं हातात घ्यावं लागतं आणि पापड अर्ध्या कुरडईला पडू लागतो. रेषेला तिथे कोपरा येतो. दोघींच्या जागी सगळ्या आळीतल्या बायका घेतल्या तर असे पुष्कळ कोपरे येतात आणि लांबून पाहिलं की गुळगुळीत वक्र दिसतो. म्हणजे वाढता संधी खर्च हा वरून लादलेला नियम नाही, माणसं आणि जमिनी एकसारख्या नसतात यातून तो आपोआप येतो. काळ्या रानात ऊस वाढवत वाढवत माळाच्या मुरमाड तुकड्यापर्यंत नेला, की शेवटच्या टनासाठी पहिल्या टनापेक्षा कितीतरी जास्त सोडावं लागतं, ते याच कारणाने.

आता तुझ्या चुकीकडे येते. ती पाहायला रिकार्डोचं मूळ उदाहरण सर्वांत चांगलं. डेव्हिड रिकार्डोने लंडनच्या शेअरबाजारात पैसा मिळवला आणि मग अर्थशास्त्र लिहिलं. 1817 च्या ग्रंथात त्याने इंग्लंड आणि पोर्तुगालचं उदाहरण घेतलं. कापड आणि वाइन या वस्तू काही त्याने हवेतून काढल्या नव्हत्या. 1703 च्या मेथ्यून तहापासून इंग्लंडचं लोकरीचं कापड पोर्तुगालमध्ये आणि पोर्तुगालची वाइन कमी जकातीने इंग्लंडमध्ये जात होती. आकडे असे: ठरावीक कापडासाठी इंग्लंडमध्ये 100 माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात, ठरावीक वाइनसाठी 120 माणसांचे. पोर्तुगालमध्ये कापडाला 90, वाइनला 80.

हे आकडे वाळवणाच्या आकड्यांसारखे दिसतात, पण नीट वाच. वाळवणात आकडा म्हणजे एका दिवसात किती वस्तू झाल्या. रिकार्डोकडे आकडा म्हणजे एका वस्तूला किती श्रम गेले. तिथे मोठा आकडा चांगला, इथे मोठा आकडा महाग. जी मुलं वाळवणाचं सूत्र इथे लावतात, त्यांचं उत्तर नेमकं उलटं येतं. तुझंही तसंच झालं.

म्हणून सूत्र पाठ करू नकोस, प्रश्न विचार. इंग्लंडने कापडावर 100 माणसं लावली. तेवढ्यात दुसरं काय झालं असतं? वाइनच्या एका मापाला 120 लागतात, म्हणजे 100 माणसांकडून पाऊण मापाहून थोडी जास्त, 0.83 माप वाइन झाली असती. पोर्तुगालने कापडावर 90 माणसं लावली. वाइनला तिथे 80 लागतात, म्हणजे 90 जणांकडून 1.125 माप झाली असती. तेवढंच कापड बनवायला इंग्लंड कमी वाइन सोडतं, म्हणून कापड इंग्लंडने बनवावं, जरी पोर्तुगाल ते कमी माणसांत बनवू शकत असला तरी. एकास एक अदलाबदल झाली तर इंग्लंडला 120 माणसांची वाइन 100 माणसांच्या कापडात मिळते, 20 माणसांचे श्रम वाचतात. पोर्तुगालला 90 माणसांचं कापड 80 माणसांच्या वाइनमध्ये मिळतं, 10 वाचतात. इथेही वाटणी सारखी नाही, पाहिलंस ना?

रिकार्डोने स्वतःच एक मर्यादा सांगितली होती. भांडवल आणि कामगार एका देशातून दुसऱ्या देशात सहज जाऊ शकले असते, तर कापड आणि वाइन दोन्ही पोर्तुगालमध्येच बनली असती, असं त्याने लिहून ठेवलं आहे. माणसं आणि पैसा देशात अडकलेले असतात, या गृहीतकावर त्याचा सगळा युक्तिवाद उभा आहे. आज भांडवल काही क्षणांत देश बदलतं, तेव्हा हे गृहीतक विसरून रिकार्डोचा दाखला देणं मला पटत नाही. रिकार्डोचा हिशेब फक्त श्रमात होता, हेही लक्षात ठेव. तोच विचार संधी खर्च आणि उत्पादन शक्यतेच्या भाषेत मांडला तो गॉटफ्रीड हाबरलर याने, 1930 च्या दशकात. त्यामुळे आज तुझ्या पुस्तकात या तीन गोष्टी एकाच प्रकरणात येतात.

आणखी एक गोष्ट, जी पेपरात विचारत नाहीत, पण मी सांगितल्याशिवाय राहत नाही. वक्रावर एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूकडे बोट सरकवायला काही लागत नाही. माणसांना लागतं. गिरणगावातल्या गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्या जागेचा दुसरा उपयोग कापडापेक्षा कितीतरी जास्त मोलाचा ठरला. जमिनीच्या संधी खर्चाच्या हिशेबाने ते सरळ आहे. पण ज्याने वीस वर्षं साच्यावर काम केलं, तो माणूस त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या कचेरीत कामाला लागत नाही. एकूण बेरीज वाढली तरी ज्याचं गेलं त्याला भरपाई आपोआप मिळत नाही, ती कुणीतरी ठरवून द्यावी लागते. कांद्याचंही बघ. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि मे 2024 मध्ये किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के शुल्क लावून उघडली. निर्यात खुली असली की देशातला भाव बाहेरच्या भावाकडे ओढला जातो, नाशिकच्या शेतकऱ्याचं भलं होतं आणि मुंबईत किलोभर कांदा घेणाऱ्याला जास्त मोजावे लागतात. बंद केली की उलट. "देशाला व्यापारातून फायदा" या वाक्यातला देश म्हणजे या दोघांची मिळून बेरीज आहे.

आता तुझं गणित. दिलेले आकडे तासांचे आहेत, म्हणजे रिकार्डोच्या जातीचे. क्ष देशात एका ताग्याला 4 तास जातात, तेवढ्यात 2 क्विंटल गहू झाला असता. य देशात ताग्याला 8 तास जातात, तेवढ्यात 8 भागिले 6, म्हणजे 1.33 क्विंटल. तागा य कडे स्वस्त, कापड य ने बनवावं. तू 4 आणि 8 हे आकडे ताग्यांची संख्या समजून भागलेस, म्हणून उत्तर क्ष आलं. अजून गोंधळ वाटला तर तास आधी वस्तूंमध्ये बदलून घे. दोघांना 24-24 तास दे. क्ष चे होतात 12 क्विंटल किंवा 6 तागे, य चे 4 क्विंटल किंवा 3 तागे. आता हे वाळवणासारखं झालं, दोन रेषा काढ आणि उतार वाच.

दर 1.33 आणि 2 क्विंटलच्या मध्ये कुठेही चालेल. दीड क्विंटलला एक तागा धर. य तीन तागे बनवतो, दोन देतो, तीन क्विंटल घेतो. त्याच्याकडे राहतात एक तागा आणि 3 क्विंटल. एकट्याने एक तागा बनवून उरलेल्या 16 तासांत त्याचा 2.67 क्विंटलच गहू झाला असता. क्ष 12 क्विंटल पिकवतो, तीन देतो, दोन तागे घेतो, 9 क्विंटल उरतात. एकट्याने दोन तागे बनवले असते तर 8 तास तिकडे गेले असते आणि गहू 8 क्विंटलच झाला असता. म्हणजे सगळ्यात सरस असलेल्या क्ष लाही य कडून कापड घेतल्यामुळे एक क्विंटल गहू जास्त मिळाला. दर 1.8 धरून हेच पुन्हा करून बघ, आणि कुणाचा वाटा वाढला ते मला कळव.